आठवीच्या वर्गाला शांतता, हक्क आणि लिंगभाव शिकवायचाय. सुरुवात कुठून करू?

वर्गशिक्षिका, हडपसर

नमस्कार. हडपसरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीची वर्गशिक्षिका आहे, मराठी आणि इतिहास शिकवते. मुख्याध्यापकांनी यंदा आठवड्यातला एक तास 'शांतता, मानवी हक्क आणि लिंगभाव' यासाठी काढून दिलाय. वेळापत्रकात असा तास मिळणं किती अवघड असतं ते शिक्षकांना माहीत आहे, म्हणून तो वाया जाऊ द्यायचा नाही.

वर्गातली परिस्थिती अशी. माझ्या वर्गात एक मुलगा आहे. गणपतीत त्याने शाळेच्या दारात रांगोळी काढली. ठिपके नाहीत, खडूची खूण नाही, थेट फरशीवर चिमटीतून एकसारखी रेघ सोडत मोर काढला. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत होती. दुसऱ्या दिवसापासून वर्गात तो 'बायल्या' झाला. आता मधल्या सुट्टीत तो डबा घेऊन एकटाच बसतो. चिडवायला सुरुवात करणाऱ्यांत त्याचे पाचवीपासूनचे दोन मित्र आहेत. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा एक जण मान खाली घालून म्हणाला, "बाई, त्याच्याशेजारी बसलं की आम्हालापण तसंच म्हणतात."

दुसरी गोष्ट मैदानाची. मधल्या सुट्टीत मैदान मुलग्यांचं, मुली जिन्याच्या पायऱ्यांवर. शनिवारी वर्ग मुली झाडतात, बाकं मुलगे हलवतात. असं करा म्हणून कुणीही कधी सांगितलेलं नाही.

शाळेत माझा वर्ग शिस्तीचा म्हणून ओळखला जातो. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. आणि त्याच वर्गात एका मुलाला रोज यायची धास्ती वाटते. हे मला सहन होत नाही.

घोषवाक्यं आणि पोस्टर स्पर्धा मला करायच्या नाहीत. पहिल्या काही तासांत काय करू? त्या मुलाला सगळ्यांसमोर उघडं न पाडता विषय कसा काढू? आणि पालकांना काय सांगू? पालकसभेत एका वडिलांनी सरळ विचारलं, "ह्या वयात हे कशाला? त्यापेक्षा एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घ्या."

निवृत्त शिक्षक, गंज पेठ

बाई, त्या पोराने तुम्हाला जे उत्तर दिलं त्यातच तुमचा पहिला तास आहे. मित्राबद्दल त्याच्या मनात राग नाही. उद्या आपल्यावर पाळी येईल ही भीती आहे. म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलग्यावर पहारा आहे आणि तो पहारा तेच एकमेकांवर ठेवतात. तेव्हा त्या एका मुलावर तास घेऊच नका. नाव नाही घेतलं तरी सगळा वर्ग मागे वळून त्याच्याकडेच बघेल. तास पहाऱ्यावर घ्या.

सगळ्यांना कागदाचा चिटोरा द्या. मुलग्यांनी लिहायचं, 'मुलगा म्हणून मला काय करता येत नाही'. मुलींनी लिहायचं, 'मुलगी म्हणून मला काय करता येत नाही'. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या तुम्हीच वाचा, मुलांच्या हातात देऊ नका, त्यांना एकमेकांची अक्षरं ओळखू येतात. माझ्या वर्गात मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट होती रडणं. एकाने लिहिलं होतं, आजी गेली तेव्हा मी संडासात जाऊन रडलो. मी ते वाचलं तेव्हा वर्गात कुणी हसलं नाही.

मग मैदान. फळ्यावर मैदानाचा नकाशा काढायला सांगा. मधल्या सुट्टीत कोण कुठे असतं ते मुलामुलींनीच आठवडाभर ठिपक्यांनी नोंदवायचं. नकाशा भरला की एकच प्रश्न विचारा: हा नियम कोणी केला? उत्तराची घाई करू नका. नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली मांडलं होतं की मारहाण थांबली एवढ्याने शांतता पुरी होत नाही. कुणीही हात न उगारता व्यवस्थाच काहींचं आयुष्य आखडून टाकते, तीही हिंसाच. हे तुमच्या वाचनासाठी सांगतोय. मुलांना तो ठिपक्यांचा नकाशा पुरेसा आहे.

हक्क त्यानंतर आणा. मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला, हे मुलं पाठ करतील आणि विसरतील. पण १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम फळ्यावरच्या नकाशाशेजारी लिहा: विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क. भारताने हा करार १९९२ साली मान्य केलाय. पायऱ्यांवर बसणाऱ्या मुलींना मग वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच कराराच्या २९ व्या कलमात शिक्षण कशासाठी हे सांगितलंय, आणि त्यात शांतता, सहिष्णुता आणि स्त्रीपुरुष समता एकाच दमात येतात. तुमच्या तासाचं जे नाव आहे, तेच तिथे आहे.

आणि पुण्यात शिकवताय, तर मुक्ता साळवे यांना वर्गात आणल्याशिवाय राहू नका. मी फुलेवाड्याच्या आसपासच वाढलोय, त्यामुळे हे जरा पोटतिडकीने लिहितो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली एवढं सगळ्यांना येतं. पण त्यांच्या शाळेत शिकलेल्या, मांग समाजातल्या या मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला, हे आठवीतल्या किती मुलांना माहीत असतं? मांगमहारांच्या दुःखांबद्दल लिहिताना ती बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परही नसतं याबद्दल लिहिते. जात आणि बाई असणं या दोन्हींचा जाच तिने एकत्र पाहिला, तोही तुमच्या मुलांच्याच वयात. तो निबंध मोठ्याने वाचून घ्या, एकेक परिच्छेद एकेकाने. नंतर जमलं तर पीएमपीच्या बसने सगळ्यांना फुलेवाड्यात न्या आणि १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला तो पाण्याचा हौद दाखवा.

आणखी एक, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारायला बंदी आहेच, शिवाय मानसिक छळालाही आहे. "पोरीसारखा रडतोस काय?" हे वाक्य मी कितीतरी शिक्षकखोल्यांत ऐकलंय. तुमच्या सहकाऱ्यांशी याबद्दल आधी बोला. तुमच्या तासात एक आणि पीटीच्या तासात दुसरंच ऐकायला मिळालं, तर मुलं दुसरंच खरं मानतात.

एक पालक, वडगाव बुद्रुक

सरांचं सगळं पटलं. मी पालकांच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझा मुलगा नववीत आहे आणि सभेत उठून तसं विचारणाऱ्या वडिलांना मी ओळखतो. ते वाईट नसतात. आपल्या पोराला वर्गात आरोपी करतील, ही त्यांची धास्ती असते.

त्यांना मुलांचं पाठ्यपुस्तक उघडून दाखवा. सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका असते. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१ क मध्ये, बंधुभाव वाढवणं आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, ही दोन्ही कर्तव्यं एकाच कलमात आहेत. हे बाईंनी घरून आणलेलं खूळ नाही, ते संविधानात आहे. २०१९ मध्ये इथल्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रंही बदलली, घरकाम करणारे पुरुष त्यांत दाखवले. दुसरीतल्या मुलांना जे चालतं ते आठवीतल्यांना का चालू नये?

आणि वडिलांना वर्गात बोलवा. कुणी हॉटेलात स्वयंपाकी असेल, कुणी शिंपी असेल, कुणी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून आजाऱ्यांची सेवा करत असेल. त्यांना आपापल्या कामाबद्दल बोलू द्या, बाकी काही सांगायची गरज नाही. माझे वडील मंडईजवळ शिलाईचं दुकान चालवायचे. ब्लाउज शिवताना त्यांना कुणी कधी नावं ठेवली नाहीत. पण मी घरी फाटलेली उशी शिवायला घेतली तर शेजारचे हसायचे. माझ्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ विचार करत होता.

शाळा समुपदेशक, कोथरूड

चिठ्ठ्यांचा उपक्रम जरूर करा, पण आधी एक तयारी ठेवा. मुलं एकदा लिहायला लागली की कधीकधी घरातलं, नात्यातलं, शिकवणीतलं असं काही लिहून जातात, जे नुसतं वाचून बाजूला ठेवता येत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात मूल मुलगा असो, मुलगी असो, संरक्षण सारखंच आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं १९ व्या कलमाने बंधनकारक आहे. म्हणून "तू सांग, मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला विचारात घेईन" असं म्हणा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाइन नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा. तुमच्याकडे सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची समिती) असेल, तर तिच्या सदस्यांना पहिल्या तासाआधीच भेटा.

रांगोळी काढणाऱ्या मुलाबद्दल. त्याच्याशी एकट्याने बोला आणि त्याला काय हवंय ते विचारा. कदाचित त्याला फक्त जुने मित्र परत हवे असतील. तो कोण आहे याबद्दल रांगोळीवरून काहीच ठरवू नका, तुम्हीही नाही आणि वर्गानेही नाही. आणि पुढेमागे कुठल्याही मुलाने स्वतःच्या लिंगओळखीबद्दल काही सांगितलं, तर सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात ती ओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्यालाच दिलाय, हे लक्षात असू द्या. त्याला न विचारता घरी फोन करू नका. काही घरांतून त्यानंतर मुलाची शाळाच बंद होते.

चिडवण्याबद्दल मात्र वाट बघू नका. त्या दोन मित्रांना आजच कळलं पाहिजे की वर्गात ते नाव चालणार नाही. समजूत हळूहळू येईल, संरक्षण लगेच मिळायला हवं.

वर्गशिक्षिका, हडपसर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन गोष्टी केल्या. त्या नावाबद्दल वर्गात स्पष्ट सांगितलं, कुणाकडेही न बघता. आणि पीटीच्या सरांशी बोलले. मंगळवार-गुरुवार मधल्या सुट्टीत मैदान मुलींना द्यायला ते तयार झालेत. मुलग्यांनी कुरकुर केली, पण एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, कबड्डीची लाइन आम्हीच आखायची ना?" उद्या चुना आणून ठेवते.

मुलाशीही बोलले. त्याला त्या दोघांशी बोलायचंय, पण मी समोर असताना. चिठ्ठ्यांचा तास पुढच्या आठवड्यात घेईन, त्याआधी समितीला भेटते. एकच राहिलं: मुलांना चिठ्ठ्या टाकायला वर्गात कायमची पेटी ठेवली तर किल्ली कुणाकडे असावी?

शाळा समुपदेशक, कोथरूड

एकट्या कुणाकडेच नको. दोन कुलपं लावा. एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी समितीतल्या अशा कुणाकडे ठेवा, जे या वर्गाला शिकवत नाहीत. उघडायचा वार मुलांना आधीच सांगा आणि तो चुकवू नका. पेटी वर्गात नको, वर्गात चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. पाण्याच्या टाकीकडे जायच्या वाटेवर लावा, तिथे प्रत्येक जण जातोच.