विल्यम सेवर्डवर सेमिनार आहे. खानदेशाशी संबंध जोडता येईल का?

अमळनेरची_वाचक
नमस्कार मंडळी. एम. ए. इतिहासाला आहे. सेमिनारला माझ्या वाट्याला विल्यम सेवर्ड आलाय. लिंकन पहिल्याच दिवशी कुणीतरी उचलला! सेवर्डबद्दल शोधलं की अलास्काची खरेदी आणि लोक त्याला कसे हसले, एवढंच सापडतं. मला कळत नाही ते हे की, १८६० मध्ये ज्याच्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकली, त्याच लिंकनच्या हाताखाली हा परराष्ट्रमंत्री कसा झाला? आणि आमचे सर शेवटी हमखास विचारतात, "याचा आपल्याशी काय संबंध?" तिथे काय बोलू?

चाळीसगाव_लोकल
अलास्का पुरे की! ७२ लाख डॉलर, म्हणजे एकराला जेमतेम दोन सेंट. ३० मार्च १८६७ ला पहाटे चारच्या सुमारास करारावर सह्या झाल्या. आणि सगळी अमेरिका हसली, हे जरा फुगवलेलं आहे. सिनेटमध्ये ३७ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालंय ते.

जिनवाले_आप्पा (धरणगाव)
ताई, अलास्का दोन वाक्यांत उरका. सेवर्डचं खरं काम १८६१ ते १८६५ मधलं, म्हणजे अमेरिकेची उत्तर आणि गुलामगिरीवाली, फुटून निघालेली दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धातलं, आणि त्यात आपला कापूस आहे. माझी हयात जिनिंगमध्ये गेली, म्हणून मला जिथेतिथे सरकी दिसते असं घरचे म्हणतात. म्हणू द्या.

आधी माणूस बघा. जन्म १८०१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या गावातला (दक्षिणेतलं राज्य नव्हे, सर इथे अडकवतील). वकील, मग न्यूयॉर्कचा गव्हर्नर, १८४९ पासून सिनेटर. गव्हर्नर असताना कॅथलिक मुलांच्या शाळांनाही सरकारी पैसा द्या म्हणाला, तेव्हा बाहेरून आलेल्यांचा राग करणारी मंडळी त्याच्यावर जी बिघडली ती कायमची. ऑबर्नला त्याच्या घरात पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळायचा. बायको फ्रान्सिस तर या बाबतीत त्याच्याहून कडक. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनला १८५९ मध्ये त्याने घर-जमीन विकली, तेही कायद्याच्या नजरेत ती फरारी गुलाम असताना.

१८६० मध्ये उमेदवार निवडायला रिपब्लिकन पक्षाचं शिकागोला अधिवेशन भरलं, त्यात पहिल्या फेरीला सेवर्ड १७३½, लिंकन १०२. जिंकायला २३३ हवी होती. तिसऱ्या फेरीत लिंकनने बाजी मारली. इकडे ऑबर्नला तोफ डागायला तयार ठेवलेली! आपल्याकडे झेडपीच्या निकालाआधीच गुलालाची पोती आणून ठेवतात, तसला प्रकार.

हाताखाली कसा राहिला, तर सुरुवातीला राहिलाच नाही. त्याला वाटलं, हा इलिनॉयचा वकील नावाला, गाडा आपणच हाकणार. १ एप्रिल १८६१ ला त्याने लिंकनला चक्क लेखी दिलं: स्पेन-फ्रान्सशी भांडण उकरून काढा म्हणजे देश एक होईल, आणि जबाबदारी घ्यायला मी आहेच. लिंकनने आवाज न चढवता सांगितलं की जे करायचं ते मीच करीन. दुसरा असता तर रुसून घरी गेला असता. हा थोड्याच दिवसांत बायकोला लिहितो की आमच्यात सगळ्यांत चांगला माणूस राष्ट्राध्यक्षच आहे. मला सेवर्ड आवडतो तो इथे.

आता कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा. दक्षिणवाल्यांचा हिशेब सरळ होता: माल अडला की इंग्लंड झक मारत आपल्या बाजूने उतरेल. लिंकनने १९ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, आणि इंग्लंडला लढाईबाहेर ठेवायचं काम आलं सेवर्डच्या गळ्यात. नोव्हेंबरात तर उत्तरेच्या एका कप्तानाने 'ट्रेंट' या इंग्रजी जहाजावरून दक्षिणेचे दोन राजदूत, मेसन आणि स्लाइडेल, उचलून आणले. इंग्लंड युद्धाची भाषा बोलू लागलं. डिसेंबरअखेर सेवर्डने दोघांना सोडायचं पत्र लिहिलं, आणि तेही असं की आम्ही आमच्याच जुन्या तत्त्वाला जागतोय! माघार, पण मिशीला पीळ देऊन.

१८६२ मध्ये इंग्लंडातल्या लँकशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि गिऱ्हाईक मुंबईकडे वळलं. खानदेश-वऱ्हाडात भाव भडकले, जिथे ज्वारी होती तिथे कपाशी आली. आपला तेव्हाचा देशी कापूस आखूड धाग्याचा. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढा, तंतू पाऊण इंचाच्या आसपासच संपतो. तिकडच्या यंत्रांवर सूत सारखं तुटायचं, कामगार या 'सुरती' मालाला शिव्या घालायचे. पण त्यावरच बऱ्याच गिरण्या तगल्या, आणि दक्षिणेचं हुकमी हत्यार बोथट झालं. सरांना हा संबंध सांगा. मात्र एकट्या कापसाने घडलं असं लिहू नका. इंग्लंडला उत्तरेचा गहू लागत होता, आणि गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर दक्षिणेची बाजू घेणं तिथल्या सरकारला आणखी अवघड झालं. जाहीरनामा लढाई जिंकल्यावर काढा, नाहीतर हरणाऱ्याची धडपड वाटेल, हा सल्लाही सेवर्डचाच. अँटिएटमच्या लढाईनंतर सप्टेंबर १८६२ मध्ये तो निघाला.

युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये भाव आपटले, मुंबईचे शेअर कोसळले, प्रेमचंद रायचंदसारखे मुंबईचे बडे कापूस-शेअर दलाल बुडाले. थळ घाटातून रेल्वे सुरू झाली तीही १८६५ लाच. नशीब बघा, माल भराभर खाली न्यायची सोय झाली आणि बाजार बसला.

पारोळेकर
वा आप्पा! ताई, १४ एप्रिल १८६५ ची रात्र विसरू नका. लिंकनवर गोळी झाडली त्याच रात्री लुईस पॉवेल औषध आणल्याचं सांगून सेवर्डच्या घरात घुसला. सेवर्ड आधीच बग्गीच्या अपघातात जबडा आणि हात मोडून अंथरुणावर होता. पिस्तूल उडालं नाही म्हणून पॉवेलने ते मुलाच्या, फ्रेडरिकच्या, डोक्यात हाणलं आणि सेवर्डच्या तोंडावर सुऱ्याचे वार केले. तरी वाचला, आणि पुन्हा कामावर आला.

अमळनेरची_वाचक
आप्पा, निम्मं सेमिनार तुम्हीच लिहून दिलंत! लिंकननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनची त्याने साथ दिली, त्यावरून टीका झाली ना? तुमचं काय मत?

जिनवाले_आप्पा (धरणगाव)
टीका बरोबरच आहे. जॉन्सनने दक्षिणेच्या जुन्या मालकांना सांभाळून घेतलं आणि नुकत्याच सुटलेल्या काळ्या लोकांना वाऱ्यावर सोडलं. सेवर्ड १८६९ पर्यंत त्याच्याबरोबर राहिला. टबमनला जमीन विकणाऱ्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती. सेमिनारमध्ये हे झाकू नका.

आणि हो, १८७१ मध्ये जगप्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. सरांना तेही सांगून टाका.