मदत हवी आहे: स्कॅन जवळ आला की आईची झोप उडते

नमस्कार. आई ६१ वर्षांची, आम्ही पुण्यात. स्तनाचा कॅन्सर, दीड वर्षापूर्वी हाडांत पसरलेला सापडला, म्हणजे चौथी स्टेज. लेट्रोझोल रोज, पाल्बोसिक्लिब २१ दिवस आणि मग ७ दिवस सुट्टी. आतापर्यंतचे रिपोर्ट स्थिर आहेत, त्यामुळे प्रश्न औषधांचा नाही.

प्रश्न भीतीचा आहे. सुट्टीच्या त्या ७ दिवसांत म्हणते, "गोळी बंद आहे, तेवढ्यात तो वाढत असेल." (नाव घेत नाही, 'तो' म्हणते.) रक्तातल्या पेशी भरून याव्यात म्हणून सुट्टी असते, हे तिला तोंडपाठ आहे. तरी कॅलेंडरवर त्या ७ चौकोनांत फुल्या मारलेल्या. पेट स्कॅनच्या आधीचा आठवडा तर विचारूच नका. रात्री दोनला उठून भिंतीला पाठ दाबून बघते, दुखणं कालच्याच जागी आहे ना. यंदा कैरीचं लोणचं अर्धीच बरणी घातलं. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

बाबा "काही होत नाही गं, पॉझिटिव्ह राहा" म्हणतात आणि ती गप्प होते. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात "बरी आहे" सांगून मोकळी.

न्यायचं कुणाकडे? समुपदेशक की सायकिअॅट्रिस्ट? एका नातेवाइकांनी पॅलिएटिव्ह केअर (दुखणं, त्रास आणि मनाचा ताण हलका करणारी सेवा) सुचवलं, पण तो शब्द ऐकून आईला वाटेल डॉक्टरांनी हात टेकले. आणि मराठीत बोलणारं कुणी हवं. इंग्रजीत तिला रडता येत नाही.

प्रतिसाद

ताई, यांच्या आजारपणात आम्हीही त्या शब्दाला घाबरून चार महिने घालवले. चालू उपचारांबरोबरच घेतात ते. वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, पैसे घेत नाहीत, घरच्यांशीही बोलतात. रात्री दोनला टेलि-मानस आहे, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं. सायकिअॅट्रिस्टकडे गेलात तर चालू गोळ्यांची यादी दाखवाच, पाल्बोसिक्लिबशी काही औषधं जमत नाहीत.

अजून एक. कशासाठी लगेच फोन करायचा, ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पाठीचं नवं किंवा वाढतं दुखणं, पायांतली ताकद जाणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यात सकाळची वाट बघायची नाही. बाकीचं वहीत, पुढच्या भेटीला. त्या कागदाने आमच्या निम्म्या रात्री वाचवल्या. "काही होत नाही" मात्र बंद करा. कशाची भीती वाटते ते विचारा आणि ऐकत बसा.

धागाकर्ती

आभार. कागदाचं सोमवारी विचारते. वारज्याला फोन केला, आईला नुसतं "दुखण्याचे डॉक्टर" सांगितलंय.

काल लोणच्याचं विचारलं. म्हणाली, "मी गेल्यावर उरलेलं तुमच्या घशाखाली उतरायचं नाही." बाबा तिथेच होते, उठून गॅलरीत गेले.

पहिल्या भेटीला त्यांना न्यावं, की आम्ही दोघीच जावं?