२५ मीटर पिस्तूल : रॅपिडमध्ये शॉट डावीकडे खाली जातात, सरावाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दीड वर्षापासून पॉइंट २२ बोअरच्या पिस्तुलाने स्पोर्ट पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळतेय, उजव्या हाताने. प्रिसिजनमध्ये ५ मिनिटांत ५ शॉट असतात, तिथे ३०० पैकी २८० च्या आसपास होतात. रॅपिड (दर शॉटला फक्त ३ सेकंद) सुरू झालं की सगळं विस्कटतं, २६० सुद्धा गाठत नाही. खरं तर रॅपिडचं दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, प्रिसिजनच्या दुप्पट! तरी शॉट डावीकडे खाली, सातात, कधी सहात.

मागच्या महिन्यात सरांनी मला न सांगता मॅगझिनमध्ये डमी राउंड (न उडणाऱ्या नकली गोळ्या) मिसळले. तिसऱ्या शॉटला नुसतं ‘टक्’ झालं आणि पिस्तुलाचं तोंड खाली बुडालं. फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) टार्गेटच्या काळ्या भागाच्या पार खाली गेलेली मी स्वतः पाहिली. धक्का यायच्या आधीच माझं मनगट त्याला दाबायला निघतं. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून घरी रोज २० मिनिटं ड्राय (गोळीविना सराव) करते. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघते, राउंड त्या खोलीत ठेवतच नाही. चेंबरमध्ये (जिथे काडतूस बसतं) काडतुसाची वापरलेली केस घालते, नाहीतर रिमफायरची (काडतुसाच्या कडेवर आघात करणारी) पिन चेंबरच्या कडेवर आपटते. समोर कोरी भिंत, नजर फक्त फ्रंट साइटवर. टक् झाल्यावरही दोन सेकंद तशीच धरून राहते. घरी साइट जागची हलत नाही!

रेंजवर मात्र ७ सेकंद हात ४५ अंशांत खाली, मग हिरवा दिवा, हात वर, आणि ३ सेकंद संपतील या धास्तीने बोट ट्रिगर खेचून घेतं. मला वाटतं, हात वर येताना पहिला दाब (ट्रिगर सुटायच्या आधीचा पहिला टप्पा) घेतलाच जात नाही. ट्रिगरचा १००० ग्रॅमचा सगळा दाब शेवटच्या अर्ध्या सेकंदात पडतो.

ज्यांचा हा दोष गेलाय त्यांना विचारते : हात वर येतानाच पहिला दाब घ्यायची सवय कशी लावलीत? आधी ५ सेकंदांवर सराव करून ३ वर आलात, की पहिल्यापासून ३ च ठेवले? आठवड्याला मला १५० राउंड मिळतात, त्यात डमी किती मिसळू? पकड सरांनी तपासली आहे, ती बदलायची नाहीये. तुमचा रोजचा क्रम मिनिटांसकट लिहिलात तर फार उपयोग होईल. दोन महिन्यांनी मॅच आहे.