कोलाज आणि रंगसिद्धांत एकत्र कसे शिकवावेत? (सहावी-सातवी)

कलाशिक्षिका, वडोदरा
मी येथील एका शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात 42 मुले आणि तासिका 35 मिनिटांची. रंगचक्र मुलांना तोंडपाठ आहे. लाल-हिरवा, निळा-नारिंगी या विरोधी जोड्या ती झोपेतही सांगतील. मात्र कोलाजसाठी जुनी मासिके वाटली, तर जवळजवळ प्रत्येकाने मोटारीचे चित्र मोटार म्हणून आणि फुलाचे चित्र फूल म्हणूनच चिकटवले. रंगाचा विचार कोणीच केला नाही. शिवाय लाल आणि निळा पोस्टर कलर मिसळून जांभळा करून दाखवताना माझ्याच हातून मातकट तपकिरी रंग तयार झाला आणि मागच्या बाकावरून "मॅडम, वांगं भाजलं" असा शेरा आला. काय सुधारावे?

निवृत्त कलाशिक्षक
कात्री हाती आली की मुले वस्तूच्या कडेनेच कापणार. म्हणून पहिल्या दोन तासिकांना कात्री देऊच नये. पाने हाताने, तळहाताच्या निम्म्याएवढे तुकडे होतील अशी फाडायला लावावीत आणि ते तुकडे उजळाकडून गडदाकडे अशा क्रमाने बाकावर मांडायला सांगावेत. वाद हमखास लाल रंगावरून होतो, कारण भडक म्हणजे उजळ असे मुले धरून चालतात. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून दाखवला की तोच लाल पिवळ्यापेक्षा कितीतरी गडद निघतो.

पुढची पायरी अशी: एकाच राखाडी कागदाचे दोन चौकोन, एक काळ्या कागदावर आणि एक पांढऱ्यावर, नंतर तसेच दोन लाल आणि हिरव्यावर. शेजारच्या रंगामुळे एकच राखाडी वेगवेगळा दिसतो. चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स रंगांचे असे पाठ कुंचल्याऐवजी रंगीत कागदावर घेत, कारण मिसळलेला रंग पुन्हा तसाच जमेल याची खात्री नसते, कागदाचा मात्र हुबेहूब मिळतो. पॅरिसच्या गोबेलिन या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे काम पाहणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली होती. दोष रंगाईत नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तसे दिसत होते. शेजारी रंगांच्या परिणामांचा हा नियम त्याने 1839 मध्ये ग्रंथरूपाने मांडला. आपल्या मुलांना हे साडीच्या काठावरून चटकन समजेल.

छपाई व्यवसायातील वाचक
जांभळ्याचे उत्तर आमच्या धंद्यात आहे. चार रंगांच्या छपाईत लाल शाई नसतेच. फिरोजी, राणी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात, आणि राणीवर पिवळी चढली की लाल दिसतो. म्हणजे आपल्या लाल रंगात पिवळ्याची झाक होतीच. त्यात निळा पडताच तिन्ही एकत्र आले आणि वांगे भाजले गेले. लालऐवजी राणी रंग घेऊन पाहावा. मासिकाचा एखादा तुकडा चांगल्या भिंगाखाली धरला तर या शायांचे ठिपके मुलांना स्वतःच दिसतील.

उत्तरायण (गुजरातमधला संक्रांतीचा पतंगोत्सव) नुकतेच झाले आहे; झाडांवर, गच्च्यांवर फाटके पतंग लटकत असतील. तो कागद पातळ असल्याने पिवळ्यावर निळा ठेवून खिडकीशी धरला की हिरवा दिसतो. फक्त पातळ गोंद वापरू नये, या कागदाचा रंग ओलाव्याने सुटतो. ग्लू स्टिक बरी.

कलाशिक्षिका, वडोदरा
दोघांचेही आभार. राखाडी चौकोनांचा प्रयोग केला. एका मुलाला दोन्ही तुकडे एकाच कागदाचे आहेत हे पटेना. त्याने चिकटवलेला चौकोन नखाने उचकटून दुसऱ्याशेजारी धरला, आणि मग सारा वर्ग तेच करू लागला, त्यामुळे वह्यांची पार दुर्दशा झाली. राणी रंग मात्र मराठी, गुजराती सर्वांना लगेच समजला. आता अडचण गुणांची आहे: वस्तू ओळखू न येणाऱ्या कोलाजला गुण कसे द्यावेत? पालक विचारतात, "हे कशाचे चित्र?"

निवृत्त कलाशिक्षक
काम देतानाच अट ठरवावी, उदाहरणार्थ: एकाच नारिंगी कागदाचे तीन तुकडे वापरायचे, पण ते तीन वेगळे नारिंगी दिसले पाहिजेत. ते दिसले की नाही, एवढेच तपासावे. कागदामागे मुलाने दोन ओळी लिहाव्यात की शेजारी कोणता रंग ठेवला आणि का. पालकांना तीच बाजू दाखवावी. आणि पुढच्या वेळी चौकोनांना टाचणी लावावी, गोंद नको.