मदत हवी आहे: खाडीकाठ ढासळतोय, भिंत न घालता वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आम्ही. मालवणजवळचं देवबाग पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येऊन गेलं, तेव्हापासून आमच्या वाडीचा खाडीकडचा काठ दर पावसाळ्यात ढासळतोय. गडग्यापासून, म्हणजे वाडीच्या दगडी कुंपणापासून काठापर्यंत तेव्हा 31 फूट भरले होते, या गणपतीत 22. तीन माड गेले. चौथा आजोबांनी लावलेला. त्याची मुळं उघडी पडून झाडूच्या हिरांसारखी लोंबतायत. उधाणाचं पाणी चढलं की त्यांच्यामागची माती विरघळताना डोळ्यांना दिसते. बघवत नाही.

काका म्हणतात, काळा दगड रचून मोकळे होऊया. पण शेजारी भिंत झाली आणि ती संपते तिथेच आमचा काठ सगळ्यात जास्त खणला गेलाय. आम्ही घातली तर पुढच्या वाडीच्या माथी तेच. म्हणून भिंत नको.

गेल्या जुलैत कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या दोनशेक शेंगा खोचल्या. दिवाळीला अकरा उरल्या. त्याही जुन्या चिपीच्या (हीही खारफुटीच) आडोशाला, पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे. उघड्या वाळूत एकही नाही.

इंडोनेशियात जावा बेटावर डेमाक भागात आधी फांद्या भरलेली कुंपणं घालून गाळ अडवला, असं वाचलं. आपल्या वईसारखीच. पण तिथे खांब किड्यांनी पोखरले. आमच्याकडे माणगा बांबू भरपूर आहे, भरीव असतो. खाऱ्या पाण्यात किती पावसाळे टिकेल? कुणी वापरलाय का? कुंपण काठापासून किती आत घालायचं? आणि परवानगी कुठे मागायची?

प्रतिसाद

तुमच्या अकरा रोपांनीच निम्मं उत्तर दिलंय. कांदळाला गाळ आणि संथ पाणी लागतं. पाण्याकडे चिपी आणि तिवर लावा, त्यांची वर येणारी मुळं गाळ धरतात. कांदळ त्यांच्या मागे. वर कोरड्यात उंडी, भेंडी अशी किनाऱ्यावरची झाडं. कुंपण सलग नको, भरती-सुकतीच्या पाण्याला वाट ठेवा. कांदळवन सीआरझेड-1 मध्ये, म्हणजे किनारा नियमांतल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या पट्ट्यात येतं, तेव्हा काही रोवण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी बोला. माणग्याचा अनुभव मला नाही. तुमच्यासमोरून होड्या किती जातात? त्यांच्या लाटाही काठ खातात. सुकतीच्या वेळचा फोटो टाका, जुनी चिपी दिसेल असा.

धागाकर्ता

होड्या खूप, पर्यटकांच्या, ऑक्टोबरपासून मेपर्यंत दिवसभर. हे लक्षातच आलं नव्हतं. अमावास्येला पाणी खूप खाली जातं, तेव्हा फोटो काढून टाकतो. माणग्याबद्दल कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा, जूनच्या आधी काहीतरी उभं राहायला हवं.