दाढ फुकट काढून देतात, वाचवून का नाही देत?

चिंचेचं_झाड:
आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींची दाढ ठणकत होती, सरकारी दवाखान्यात गेल्या तर थेट काढूनच टाकली. पैसे एक रुपया नाही, ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफतच आहे. पण रूट कॅनालने दाढ वाचली असती असं तिथलेच डॉक्टर म्हणाले, आणि ते तिथे होत नाही. बाहेर कॅप धरून सात-आठ हजार तरी जातात. महात्मा फुले योजनेत पाच लाखांचं कवच आहे म्हणे, पण ते ॲडमिट व्हायच्या मोठ्या उपचारांना, किडलेल्या दाढेला त्यात कोण विचारतो. गरिबाला दात वाचवून मिळाला पाहिजे, कवळीपण मिळाली पाहिजे. कर्नाटकात दंतभाग्य योजना आहे ना ज्येष्ठांच्या कवळीसाठी?

खडूस_काका:
झालं, अजून एक फुकट. सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, गुटखा २०१२ पासून बंद आहे तरी टपरीवरून बरोबर मिळवायचा, आणि दात सडले की टॅक्स भरणाऱ्यांनी रूट कॅनाल करून द्यायची? दात काढणं ही गरज झाली, कॅप ही चैन आहे.

नुसता_वाचक:
काका, डायबेटिसच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकटच मिळतात, तिथे कोणी विचारतं का जिलब्या किती हाणल्या ते? मग दातांनीच काय घोडं मारलंय. आणि एकेक करत दाढा गेल्या की भाकरी पाण्यात भिजवून खायची, त्याला चैन म्हणा आता.

खडूस_काका:
प्रायव्हेट डेंटल कॉलेजं करतात की कॅम्प, गावात बस पाठवून नेतात. जा तिथे.

दातांचा_डॉक्टर:
इथे बोलायलाच पाहिजे. बस येते कारण शिकणाऱ्या पोरांचा परीक्षेआधीचा कोटा भरायचा असतो, इतक्या फिलिंग, इतक्या कवळ्या. त्यात वाईट काही नाही, काम सरांच्या देखरेखीखाली होतं. पण परीक्षा संपली की बस कमी होते आणि अर्धवट रूट कॅनालवालं पेशंट तात्पुरतं सिमेंट घेऊन घरी बसतं.
चिंचेचं झाड, तुमचंही अर्धंच पटलं. सरकारी डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर, संभाजीनगरला आहेत, ती वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणजे तुम्ही म्हणता ती माफी त्यांना लागू नाही, पण फी बाहेरच्यापेक्षा खूपच कमी. तरी पेशंट स्वतःच म्हणतं डॉक्टर काढूनच टाका. का, तर विद्यार्थ्याच्या हातची रूट कॅनाल म्हणजे तीन-चार सिटिंग, आणि कवळी म्हणजे माप, परत माप, चावा कसा बसतो त्याची नोंद, मेणावरची ट्रायल, मग बसवायची, वर टोचते म्हणून घासायला अजून एक चक्कर. दर वेळी रोजगार बुडतो त्याचं काय? फी माफ करून हे सुटत नाही, ग्रामीण रुग्णालयात दातांची खुर्ची आहे तिथे फायली (रूट कॅनाल साफ करायच्या बारीक सुया) आणि एक्स-रे द्या, एका सिटिंगमध्ये संपवू द्या.

चिंचेचं_झाड:
म्हणजे खर्च सरकारनेच करायचा ना? मी वेगळं काय म्हणतेय!

खडूस_काका:
म्हाताऱ्यांच्या कवळीला माझी हरकत नाही. रूट कॅनालचं मात्र ज्याचं त्याने बघावं.

दातांचा_डॉक्टर:
काका, आधी दाढा जाऊ द्यायच्या आणि मग कवळीचे पैसे भरायचे, हा हिशोब तुमच्या टॅक्सला परवडतो का?