लेखक कोण, संपादक कोण, शोधक कोण?

धागाकर्ती:
विज्ञानविषयक लेखांच्या एका संग्रहाचं काम माझ्याकडे आहे. मजकूर झाला, आकृत्या आल्या, आणि गाडी अडली ती श्रेयनामावलीच्या पानावर.

एकेका लेखामागे चार जण आहेत. पहिला संशोधक. काम त्याचं, पण लेख त्याने लिहिलेला नाही. दोन-तीन बैठका दिल्या, टिपणं दिली. दुसरी, जिने त्या टिपणांतून लेख लिहिला. तिसरी मी. मी परिच्छेद हलवले, एक आकृती काढून टाकायला लावली, आणि ‘सिद्ध झाले आहे’ होतं तिथे भांडून ‘तसे संकेत मिळाले आहेत’ असं करून घेतलं. चौथे, प्रुफं तपासणारे गृहस्थ. शेवटच्या फेरीत मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम झालेलं त्यांनीच पकडलं. म्हणजे आकडा तोच आणि मात्रा हजारपट.

आता यांना म्हणायचं काय? ‘संपादक’ म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या वर्तमानपत्राच्या? ‘वैज्ञानिक लेखिका’ लिहिलं तर लिहिणारीच वैज्ञानिक असल्यासारखं वाटतं. ‘शास्त्रीय लेखिका’ म्हटलं तर वाचक तानपुरा शोधतील. तुम्ही काय वापरता?

नियमित वाचक:
‘विज्ञानलेखिका’. समास केला की भानगड मिटते. क्रीडापत्रकार स्वतः खेळाडू असावा लागत नाही, तसंच.

विज्ञानशिक्षक:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. ‘वैज्ञानिक’ हा शब्द नामही आहे आणि विशेषणही, त्यामुळे तो दुसऱ्या नामाला चिकटवला की अर्थ डळमळतो. ‘शास्त्रीय’ तर तीन घरांचा पाहुणा: संगीतातला, धर्मशास्त्रातला आणि प्रयोगशाळेतला.

जाता जाता, ‘विज्ञान’ हाही शब्द आजच्या अर्थाने फार जुना नाही. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञान म्हणजे आत्मज्ञान, आणि बाकी प्रपंचाचं जे काही कळणं ते विज्ञान. त्यालाच खरं मानून बसणं हे मात्र अज्ञान. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी हे वाचून रागावू नये.

इंग्रजीतला ‘सायंटिस्ट’ तरी कुठे जुना आहे? विल्यम व्ह्यूएल या इंग्रज विद्वानाने तो ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर बनवला आणि तो छापून आला 1834 साली. कुठे, तर एका पुस्तक-परीक्षणात. पुस्तक होतं मेरी सॉमरव्हिल यांचं, निरनिराळ्या भौतिक विज्ञानांना एकत्र गुंफून समजावून सांगणारं. म्हणजे वैज्ञानिकाला इंग्रजीत नाव मिळालं ते एका विज्ञानलेखिकेच्या पुस्तकाच्या निमित्ताने. तुमच्या त्या दुसऱ्या बाईंना हे जरूर सांगा.

पोथीवाला:
सगळे ‘लेखक’ हा शब्द पक्का धरून बाकीच्यांची नावं शोधताय. मला तर खरा घोळ ‘लेखक’ शब्दातच दिसतो.

पोथ्यांच्या व्यवहारात लेखक म्हणजे लिहून घेणारा किंवा उतरवून काढणारा, आणि रचणारा तो कर्ता. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओव्यांत शके 1212 (इ. स. 1290) नोंदलं आहे. तिथे टीका (म्हणजे गीतेवरचं भाष्य) ‘केली’ ती ज्ञानेश्वरांनी, आणि ‘लेखकु जाहला’ तो सच्चिदानंदबाबा. कोणाचाही मान कमी न करता दोघांची कामं दोन शब्दांत वेगळी. ‘ग्रंथकर्ता’ हा शब्द आपण नंतरही बराच काळ वापरला, मग तो मागे पडला आणि दोन्ही कामं एकट्या ‘लेखका’च्या गळ्यात पडली.

पोथीच्या शेवटी नकलणाऱ्याचा ठरलेला श्लोकही असतो: जसं पुस्तक पाहिलं तसं मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. हल्ली मजकूर पाठवताना ‘मुळात असंच होतं’ असं लिहितात, ते हेच.

संपादक म्हणून तुमचा स्वतःचा पूर्वज पाहायचा तर एकनाथ. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठांत शिरलेली अशुद्धं शोधून ‘प्रत शुद्ध केली’. शब्द त्यांचेच. मूळ ग्रंथ आधीपासून अतिशुद्धच होता, बिघाड वेगवेगळ्या पाठांत झाला, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. वर बजावलं की यात जो स्वतःची ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं समजा. संपादकाच्या टेबलावर लावायला याहून बरी पाटी मला माहीत नाही.

औषधं आणि अहवाल:
पोथीवाल्यांनी नेमकं दुखणं पकडलं. मी वैद्यकीय लेखन करते, म्हणजे चाचण्यांचे अहवाल आणि शोधनिबंधांचे मसुदे. आमच्याकडे ‘ऑथर’ शब्दाचा लिहिण्याशी संबंध जवळजवळ सुटलाच आहे.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिची पहिली बैठक 1978 साली व्हँकूव्हरला झाली. तिच्या नियमांप्रमाणे लेखकपणासाठी चार अटी, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामात भरीव बौद्धिक वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या अंगाने मोलाची दुरुस्ती करणं, अंतिम मजकुराला मान्यता, आणि मजकुराची जबाबदारी घेणं. नुसतं लिहून दिलं किंवा भाषा सुधारली तर जागा ऋणनिर्देशात. म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी लिहिलेल्या निबंधाची मी लेखिका नसते, आणि नियमाने ते बरोबरच आहे. संशोधन माझं नव्हतं. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा ऋणनिर्देशातूनही नाव गळतं. त्याला इंग्रजीत घोस्ट म्हणतात. कृपा करून कोणी ‘भूतलेखक’ सुचवू नका. ‘पडद्याआडचा लेखक’ पुरे.

दुसरं टोक भौतिकीत. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा 2015 सालचा निबंध पाहा: लेखक 5,154, एकूण पानं 33, त्यातली 24 नावांची आणि संस्थांची. एवढ्या जणांनी नऊ पानं ‘लिहिली’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. ‘कर्ते’ म्हणा, लगेच अर्थ लागतो.

पण एक सावधगिरी. धागाकर्तीचे लेख शोधनिबंध नाहीत, सामान्य वाचकांसाठी आहेत. तिथे मांडणी, दाखले, सुरुवात, सगळं लिहिणारीचं. तिला ऋणनिर्देशात ढकललंत तर तो अन्याय. तिथे लेखिका तीच.

मुद्रितशोधक (निवृत्त):
आमच्या, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्यांच्या, जातीबद्दल दोन शब्द. सगळ्यात खालची पायरी समजली जाते आमची, पण नावात आम्ही संशोधकांचे सख्खे भाऊ. ‘शुध्’ या धातूचा मूळ अर्थ शुद्ध होणं. शोधन म्हणजे स्वच्छ करणं. त्यातूनच मुद्रितशोधन आणि त्यातूनच संशोधन. मराठीने संशोधन नव्या ज्ञानाच्या शोधाला दिलं. हिंदीत मात्र संशोधन म्हणजे अजूनही दुरुस्ती, घटनेत होते ती. त्यामुळे हिंदीतून मराठीत आणलेल्या मजकुरात ‘विधेयकात संशोधन’ असं दिसलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

पहिल्या पोस्टमध्ये ‘श्रेयनामावली’ पहिल्यांदा ‘श्रेयनामवली’ पडलं होतं. कळवणार नव्हतो, राहवलं नाही.

धागाकर्ती:
दुरुस्त केलं. 🙏

शब्दप्रेमी:
‘संपादक’ शब्दावर एवढा राग नको. संपादणं म्हणजे पुरतेपणी पार पाडणं, मिळवणं. विश्वास संपादन करतो, यश संपादन करतो, आणि सोंगही संपादतो. तुकारामांनी नटाने संपादलेल्या सोंगाचा दाखला दिला आहे: वेष सगळा, पण आतला रंग पालटत नाही. चांगला संपादक दुसऱ्याच्या आवाजात बोलतो आणि स्वतःचा आवाज दिसू देत नाही, हे त्यात बसतं. वर्तमानपत्राने हा शब्द खुर्चीला बांधला, एवढंच. पुढे ‘भाषा-’ किंवा ‘आशय-’ लावा, खुर्ची सुटते.

नियमित वाचक:
‘भाषा-संपादक’ म्हटलं की फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतात असं वाटतं, नाही का? ‘सिद्ध झाले आहे’ बदलणं हे भाषेचं काम की विज्ञानाचं?

औषधं आणि अहवाल:
दोन्हींचं. पुरावा जेवढा, तेवढंच क्रियापद. म्हणून मी त्याला आशय-संपादन म्हणेन.

विज्ञानशिक्षक:
यादीत एक माणूस राहिला, छापण्याआधी निबंध वाचून मत देणारा. त्याच्या कामाला ‘समवयस्क पुनरावलोकन’ म्हणतात हे मी डोळ्यांनी वाचलं आहे. समान वयाचे लोक गच्चीवर जमून मागे वळून बघतायत असं चित्र उभं राहतं. ‘समीक्षक’ही नको, तो आपल्याकडे साहित्याचा. ‘तज्ज्ञ परीक्षक’ मला पटतो.

आइन्स्टाइनला मात्र ना शब्द पटला असता ना माणूस. 1936 साली रोझेन या सहकाऱ्याबरोबरचा गुरुत्वीय लहरींवरचा त्याचा निबंध अमेरिकेतल्या ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकाने परीक्षकाकडे धाडला. आइन्स्टाइन भडकला. आम्ही हे छापायला पाठवलं होतं, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवायची मुभा दिली नव्हती, असं त्याने कळवलं आणि निबंध परत घेतला. अशा लहरी नसतातच असा त्यात निष्कर्ष होता. परीक्षकाची शंका रास्त निघाली, आणि तो निबंध दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष बदललेला होता. तो परीक्षक हॉवर्ड रॉबर्टसन होता, हे बाहेर यायला पुढची कित्येक दशकं लागली.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. सध्या असं ठरतंय: ‘मूळ संशोधन’ खाली संशोधकाचं नाव, मग ‘लेखन’, ‘आशय-संपादन’ आणि ‘मुद्रितशोधन’. व्यक्तींना उपाधी न लावता कामांचीच नावं. त्यामुळे लेखक-लेखिका, संपादक-संपादिका हाही प्रश्न सुटला. ‘कर्ता’ मला फार आवडला होता, पण संशोधकालाच तो नको वाटला. म्हणाला, घरी आधीच कर्ता आहे.

मुद्रितशोधक (निवृत्त):
‘मुद्रितशोधन’ एका शब्दात, मध्ये रेघ नको. ‘आशय-संपादन’मधली रेघ चालेल. पान छापायला जाण्याआधी एकदा पाठवा.